फ्यूम हूड बंद आहे हे मावशींना कोणी सांगायचं?

मा. संचालक मॅडम आणि आपल्या लॅबचं स्टाफ न्यूज काढणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

परवा या महिन्याचं स्टाफ न्यूज मेलवर आलं. सोळा पानांची पीडीएफ, आणि आपल्या टेकडीवर नेटवर्कची एकच दांडी, त्यामुळे ती मोबाईलवर उतरेपर्यंत माझी देवगडची एसटी येऊन भरून निघून पण गेली. पुढच्या गाडीत बसून सगळं वाचलं. पेपर कोणाचे आले, कोण कुठल्या कॉन्फरन्सला जाऊन आलं, योग दिनाचे चार फोटो, हिंदी पखवाड्यातली निबंध स्पर्धा, अकाउंट्सच्या साहेबांचा निरोप समारंभ शाल-श्रीफळासकट. चांगलं आहे, याबद्दल काही म्हणणं नाही. साहेबांचा फोटो तर इतका छान आलाय की त्यांच्या घरच्यांनी फ्रेम करून लावला असेल. पण चौदाव्या पानावर अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'फॅसिलिटी अपडेट' म्हणून दोन ओळी होत्या, त्या वाचल्या आणि हे पत्र लिहायला घेतलं. आत अर्ज करून झालाय, दोनदा, म्हणून आता खुलं. लॅबचं नाव मुद्दाम घालत नाहीये, भांडण नावाशी नाही.

त्या दोन ओळी अशा की वेट लॅबमधला हूड नंबर दोन अनटिल फर्दर नोटीस नॉन-ऑपरेशनल आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. हूड म्हणजे रसायनांची वाफ वर खेचून बाहेर टाकणारं, पुढं काच असलेलं कपाट. बरोबर आहे, नोंद घेतली. फक्त त्याच्या अठरा दिवस आधी आपल्या लॅबमधल्या कंत्राटी मावशींनी ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी घेतली होती.

काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटीवरून प्लवकांचे, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, सँपल आले की ते टिकवायला आपण फॉर्मॅलिन घालतो. बाटलीत येतं ते जवळजवळ चाळीस टक्क्यांचं, त्यात बोरॅक्स घालून ठेवायचं म्हणजे आम्लपणा जातो, नाहीतर बारक्या शिंपल्यांची कवचं विरघळतात, आणि मग गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ते पाच टक्क्यांवर आणायचं. कागदावर हे काम माझं. प्रत्यक्षात गेली नऊ वर्षं मावशी करतात, आणि माझ्यापेक्षा नीट करतात. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी हूडची काच अर्धी खाली ओढली, आतली लाइट लावली, मोजपात्र घेतलं आणि ओतायला सुरुवात केली. लाइट लागली म्हणजे हूड चालू, हे त्यांना आम्हीच कधीतरी शिकवलेलं. पण लाइटची वायर वेगळी आणि वर गच्चीवर बसलेल्या एक्झॉस्टची मोटर वेगळी, आणि खाऱ्या हवेत त्या मोटरचं बेअरिंग जाऊन आठवडा झाला होता. हवा वर खेचलीच जात नव्हती. सगळी वाफ काचेच्या खालून सरळ तोंडावर.

मी शेजारच्या खोलीत टायट्रेशन करत होते. खोकला ऐकू आला म्हणून गेले तर मावशी सिंकला धरून उभ्या, डोळे लाल, पदर तोंडावर. त्यांना बाहेर काढलं, पंधरा मिनिटं डोळ्यांवर पाणी मारलं, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं, नशीब. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "लाइट पेटलेली होती गो, माका वाटला चालू आसा. माका कोणी सांगूक नाय."

कोणी सांगूक नाय. मॅडम, खरं तर सांगितलं होतं. मोटर बिघडली त्याच दिवशी मेल गेला होता, 'ऑल स्टाफ' या यादीला. मी स्वतः तो मेल उघडलाच नव्हता, ही माझी चूक, आणि ती मी अर्जात पण लिहून दिलीय. पण मावशी त्या यादीतच नाहीत. त्या एजन्सीच्या, त्यांना ऑफिसचा मेल आयडी नाही. वॉचमन, माळी, ड्रायव्हर, बोटीवरची माणसं, काचसामान धुणारी मुलगी, एवढे सगळे 'ऑल'मध्ये येत नाहीत. आणि आले असते तरी मेल इंग्रजीत. व्हॉट्सॅपवर एक ऑफिशियल ग्रुप आहे, त्यात गुड मॉर्निंग टाकू नये अशी नोटीस आहे म्हणून तिथं कोणी काहीच टाकत नाही, आणि एक साहेब सोडून असलेला ग्रुप आहे, त्यात सुरमईचा भाव आणि एसटी किती लेट आहे हे अगदी मिनिटागणिक कळतं. हूडबद्दल दोन्हीकडे अक्षर नाही.

फॉर्मॅलिन म्हणजे नुसते डोळे चुरचुरण्याची गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं ते 2004 मध्ये. आणि त्याची गंमत, गंमत कसली, अशी की नाक त्याला सरावतं. पहिल्या पाच मिनिटांत झोंबतं, मग वास कमी झाल्यासारखा वाटतो, तो कमी झालेला नसतो. म्हणजे वास आला तर कळेल की, हे आपल्यातले बरेच जण म्हणतात ते चूक आहे. त्या दिवसापासून मी दोन्ही हूडच्या काचेच्या खालच्या कडेला टिश्यू पेपरची एक एक पट्टी चिकटवलीय. हवा खेचत असेल तर पट्टी आतल्या बाजूला ओढली जाते, नसेल तर सरळ लोंबते. खर्च शून्य. मावशींना एकदा दाखवलं, आता त्या पट्टी बघितल्याशिवाय बाटलीचं बूच काढत नाहीत. परवा एका नवीन पीएचडीच्या पोराला त्यांनीच थांबवलं, म्हणाल्या आधी कागद बघ.

यावर तुम्ही म्हणाल, आणि संपादक मंडळातले एक सर मला तोंडावर म्हणाले पण, की स्टाफ न्यूज हे आपलं बाहेर दाखवायचं पत्रक आहे, मुख्यालयात जातं, पाहुण्यांना देतात, त्यात मोटरचं बेअरिंग कुठं घालता. पटतं. मग त्याला स्टाफ न्यूज म्हणू नका, दुसरं काहीतरी नाव द्या. न्यूज कोणासाठी तर स्टाफसाठी ना?

आपल्याच किनाऱ्यावरचं एक उदाहरण देते, मला ते फार आवडतं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती, तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी 1841 पासून चालू होत्या. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि विजेच्या ट्राममुळे चुंबकाच्या नोंदी बिघडणार हे तिथल्या संचालकांनी, नानाभाई मूस यांनी, ओळखलं आणि 1904 मध्ये नवी वेधशाळा अलिबागला उभी केली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता येतील. विजेची ट्राम मुंबईत धावली 1907 ला, तोवर हे सगळं होऊन गेलेलं. आता यात मला काय दिसतं सांगू का. ती इमारत लोखंड न वापरता बांधलेली. अशा ठिकाणी माळी कमरेला कोयता खोचून त्या खोलीजवळून गेला, किंवा झाडणाऱ्या बाईनं लोखंडी बादली आत ठेवली, तर सुई हलणार आणि कागदावर खोटं चुंबकीय वादळ उमटणार. म्हणजे इथं लोखंड आणायचं नाही ही बातमी साहेबांना माहीत असून भागत नाही, माळ्याला माहीत पाहिजे. माळ्याला तर आधी माहीत पाहिजे.

आपल्याकडे पण तेच आहे, फक्त आपली सुई दिसत नाही.

आता तांडेलमामांचं. हे लिहू की नको असं दोन रात्री चाललं होतं कारण मामा स्वतः काही बोलत नाहीत, पण लिहिते.

नवीन लोकांना मामा माहीत नसतील. बावीस वर्षं आपली सँपलिंगची बोट त्यांनी चालवली. दर महिन्याला खाडीच्या तोंडापासून बाहेर समुद्रात ठरलेल्या जागांवर जायचं, वरचं पाणी, मधलं पाणी, तळाचं पाणी घ्यायचं. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत आहे, 1888 पासूनची, आजही आपण तीच करतो आणि लाखांचे सेन्सर आले तरी ते बरोबर दाखवतायत का हे तपासायला शेवटी तीच लागते. त्यात सगळा खेळ बाटली भरण्याचा. नळी बाटलीच्या तळाशी सोडायची, पाणी हळू वर येऊन काठावरून वाहू द्यायचं, एक बुडबुडा आत राहता कामा नये, बुडबुडा राहिला की हवेतला ऑक्सिजन मिसळला आणि आकडा खोटा. मग तिथंच बोटीवर मँगनीजचं एक द्रावण आणि अल्कलाइन आयोडाइडचं एक द्रावण एक एक मिली खाली सोडायचं, बूच लावायचं, उलटसुलट करायचं, आणि आत तपकिरी साका बसताना बघायचा. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. हे सगळं हलत्या बोटीवर, हातात काच. मी पहिल्या वर्षी एकदा तीन बाटल्या फोडल्या आणि ओकले पण. मामांनी इंजिन अगदी हळू ठेवून बोटीची नाळ लाटेवर अशी धरून ठेवली की बोट नुसती वरखाली होई, डुलत नसे. त्यांना कोणी ते करायला सांगितलं नव्हतं. बाटलीत बुडबुडा गेला की बाय परत भरते आणि घरी जायला उशीर होतो, एवढं त्यांनी बघितलं होतं.

भरती-ओहोटीचं छापील कोष्टक आपण दर वर्षी मागवतो. मामा भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट करून काढायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, भरती सहाच्या सुमाराला. एकादशी, सव्वा आठ. पुनवेला सव्वा अकरा. मी सुरुवातीला कोष्टक काढून ताडून बघायचे, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे व्हायचं, त्यापेक्षा जास्त मी तरी पाहिलं नाही. पावसाळा संपता संपता आपल्या किनाऱ्याला तळाचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकतं, यावर किती पेपर झालेत, आपल्याच लॅबचे दोन आहेत. मामा गणपतीनंतरच्या ट्रिपला निघतानाच म्हणायचे, "बाय, आज खालच्या पाण्यात जीव नाय, तळाची मासळी वर इली हा." आणि मी खालची बाटली उलटी करायचे तर साका जेमतेम पिवळट. नंतर पेपरात शेवटी आभार मानलेत, 'बोटीवरील कर्मचारी'. नाव नाही. दोन्ही पेपरात नाही.

या वर्षी मार्चअखेरीला बोटीचं कंत्राट बदललं. नवीन टेंडरमध्ये दहावी पासची अट आली. मामा चौथी. अट कोणी का घातली त्यात मी जात नाही, कदाचित वरून आली असेल. पण मामांना कोणी सांगितलं नाही. जुन्या एजन्सीला वाटलं लॅब सांगेल, लॅबला वाटलं एजन्सी सांगेल. एक एप्रिलला मामा पहाटे साडेपाचला नेहमीसारखे गेटवर आले, हातात जेवणाचा डबा, खांद्यावर तो पिवळा रेनकोट जो ते उन्हाळ्यात पण आणायचे. वॉचमननं लिस्ट बघितली, परत बघितली. त्याला बोलवेना. शेवटी म्हणाला, "मामानू, तुमचा नाव लिस्टीत नाय." मामा म्हणाले आज तारीख काय, एप्रिल फूल करतंस काय रे. मग गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. मी साडेआठला आले तेव्हा बसलेलेच होते, डबा उघडलेला नव्हता. मला म्हणाले नवीन पोराला सांग, तिसऱ्या जागेजवळ खडप आहे, सुकतीला दिसत नाही पण लागतं.

एप्रिलच्या स्टाफ न्यूजमध्ये ओळ होती: बोटसेवेसाठी नवीन एजन्सीची नेमणूक करण्यात आली आहे. संपलं. त्याच अंकात दोन पानं कॅन्टीनच्या नूतनीकरणाला.

आणि हो, तिसऱ्या जागेजवळ मे महिन्यात नव्या बोटीचा पंखा खडकाला लागलाच. ते कोणत्याच अंकात आलं नाही.

याच्यामागे काय भीती आहे ते मला माहीत आहे, प्रशासनातल्या एका भल्या माणसानं चहावर सांगितली. कंत्राटी माणसाचं नाव आपल्या पत्रकात 'स्टाफ' म्हणून छापलं तर उद्या तो तेच कात्रण घेऊन कोर्टात जाईल, मी इथलाच, मला कायम करा. मॅडम, सुप्रीम कोर्टाचा 2006 चा उमादेवी खटल्याचा निकाल आहे, पाच न्यायाधीशांचा, नुसती वर्षानुवर्षं हंगामी नोकरी केली म्हणून सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही असं त्यात स्पष्ट आहे. तिथं वर्षं मोजून भागत नाही तर निरोपाचा फोटो दाखवून काय होणार आहे. उलट बाजूनं बघा, 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं कधीच सांगून ठेवलं की कंत्राटदारानं पगार दिला नाही तर तो मुख्य मालकानं द्यायचा, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार या गोष्टी कंत्राटदारानं केल्या नाहीत तर मुख्य मालकानं करायच्या. जबाबदारी तर होतीच अंगावर. नाव तेवढं छापायचं नाही, असं कुठल्या कायद्यात आहे?

तौक्ते चक्रीवादळ आठवतंय का. 2021 चा मे, 16 तारीख, रविवार, वर लॉकडाऊन. सगळी वीज गेली, रस्त्यात आंबे-माड आडवे, मायनस ऐंशीच्या फ्रीझरमध्ये तीन वर्षांचे सँपल. जनरेटरचं डिझेल संपत आलं तेव्हा आपला ड्रायव्हर आणि वॉचमन कोयता आणि कॅन घेऊन झाडं तोडत पंपापर्यंत गेले. फ्रीझर वाचला. पुढच्या अंकात आलं की संस्थेच्या आपत्कालीन सज्जतेमुळे नमुने सुरक्षित राहिले. सज्जता घरी जाऊन दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली होती, एवढंच सांगते.

मला काय पाहिजे ते आता सांगते, फार नाही. एक फळा पाहिजे, हजेरीच्या पंचिंग मशीनच्या शेजारी, कारण तिथं सगळ्यांनाच उभं राहावं लागतं, त्यावर मराठीत, खडूनं चालेल, आज काय बंद आहे, काय बदललंय, कोण आलं, कोण चाललंय. मोठ्या इंग्रजी मेलचं भाषांतर नको, ते कोणाला कळत नाही, 'हूड दोन बंद, त्यात काही ओतू नका' एवढं बास. आणि जे बंद आहे त्या वस्तूवरच चिठ्ठी लागली पाहिजे, पीडीएफमध्ये नाही, कारण हात वस्तूला लागतो, पीडीएफला नाही. सोमवारी सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून तोंडी सांगायचं, सगळ्यांना म्हणजे माळ्याला पण, हे मी करायला तयार आहे, भत्ता नको. कंत्राट बदलणार असेल तर ज्या माणसाचं जाणार त्याला लॅबनं स्वतः सांगायचं, निदान महिनाभर आधी, एजन्सीवर ढकलून नाही. पीएफच्या पावत्या मिळतात का हे एकदा कंत्राटावरच्या मुलांना विचारा, मी विचारलं तर दोघांना आपला खाते क्रमांकच माहीत नव्हता. आणि पेपरच्या आभारात बोट चालवणाऱ्याचं नाव घाला. हे सगळ्या शास्त्रज्ञ मंडळींना सांगतेय, यात माझे गाईड पण आले, रागावले तर रागावू देत.

मामांचा निरोप समारंभ अजून राहिलाय. त्यांना शाल नको असेल, ते म्हणतील एवढ्या उकाड्यात शाल कशाला, पण सोळा पानांत अर्धं पान त्यांना द्या. फोटो माझ्याकडे आहे, बोटीवरचा, एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात माझी बाटली धरलीय कारण मी तेव्हा कठड्यावरून ओकत होते. मी कापून देते.

आपली,
वेट लॅबमधली टेक्निकल असिस्टंट

ता. क. हे लिहून झाल्यावर सहज बघितलं तर हूड नंबर एकची पट्टी पण सरळ लोंबतेय. मेल केला, तक्रार वहीत लिहिलं, आणि काचेवर चिठ्ठी लावलीय: एक नंबर पण बंद. मावशींना फोन करून सांगितलं. सकाळी इलेक्ट्रिशियन पाठवा, बोट परवा जायचीय.